दोन कार्डं की एक दमदार कार्ड? एका जुन्या वादाची उलटतपासणी

गेमिंगसाठी दोन मध्यम ग्राफिक्स कार्डं जोडावीत, की तेवढ्याच पैशात एकच दमदार कार्ड घ्यावं? हा प्रश्न तसा जुना. बाजारानं त्याचा निकालही लावून टाकलाय. एनव्हिडियाच्या जीफोर्स ३० मालिकेत दोन कार्डं जोडायचा कनेक्टर फक्त आरटीएक्स ३०९० वर्गाच्या कार्डांवर उरला होता. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तोही नाही. मग पेटची नाहीतर नेटची तयारी करणाऱ्या तुम्हाला मी हे शिळं प्रकरण कशाला सांगतोय?

दोन कारणं आहेत. पहिलं असं की या वादात दहा-बारा वर्षं लोक आकडे देत होते, आलेख काढत होते, आणि तरी चुकीची गोष्ट मोजत होते. संशोधनात पडण्याआधी असं एखादं प्रकरण नीट तपासलं तर पुढची बरीच फरफट वाचते. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. यवतमाळ, पुसद, वणीकडची पोरं आता कपाशीच्या पानांवरचा रोग ओळखायचं मॉडेल प्रोजेक्टला घेतात. सेकंडहँड बाजारात दोन जुनी कार्डं स्वस्तात मिळतायत म्हणून विचारतात, 'घेऊन टाकू का?' उत्तर द्यायला गेमिंगचा जुना निकाल पुरत नाही. तो निकाल कशावरून लागला, हे आधी बघावं लागतं.

आधी प्रश्न नीट मांडू

कल्पना पहिल्यांदा गाजली ती १९९८ मध्ये, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डांमुळे. दोन कार्डं जोडली की एक कार्ड चित्राच्या सम ओळी काढायचं, दुसरं विषम. म्हणजे एकाच चित्राची वाटणी. २००४ मध्ये एनव्हिडियानं एसएलआय हेच नाव नव्या अर्थानं परत आणलं आणि २००५ मध्ये एटीआयनं क्रॉसफायर काढलं. या दोन्हींत पुढे जी पद्धत रुळली ती वेगळी होती: पहिली फ्रेम एका कार्डानं काढायची, दुसरी दुसऱ्यानं, तिसरी पुन्हा पहिल्यानं. हिला एएफआर म्हणायचे. आपण 'आलटून-पालटून' म्हणू.

इथंच थांबून एक फरक ध्यानात घ्या. चित्राची वाटणी केली तर एक चित्र लवकर पूर्ण होतं. आलटून-पालटून केलं तर एका चित्राला लागणारा वेळ तेवढाच राहतो, फक्त तासाभरात चित्रं जास्त निघतात. यवतमाळ-नागपूर मार्गावर एसटीनं गाड्या दुप्पट केल्या म्हणून तुमची गाडी नागपूरला अर्ध्या वेळात पोचत नाही. प्रवासी जास्त जातात, एवढंच. एक झाला प्रवासाचा वेळ, दुसरी झाली वाहतुकीची क्षमता. गेम खेळणाऱ्याला दोन्ही हवं असतं, पण बटण दाबल्यावर गोळी कधी सुटली हे त्याला पहिल्यावरून कळतं. जाहिरात मात्र दुसऱ्याची व्हायची.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'कार्यक्षमता वाढवणे' असं उद्दिष्ट लिहिलेलं असेल तर आत्ताच पेन घ्या आणि त्यापुढं लिहा: कुठली कार्यक्षमता? हा प्रश्न गाइडनं विचारण्याआधी तुम्ही विचारलेला बरा.

सरासरी कुठं फसवते

त्या काळातल्या बहुतेक परीक्षणांत एकच आकडा असायचा: सेकंदाला सरासरी किती फ्रेम. दोन कार्डांचा आकडा मोठा आला की दोन कार्डं जिंकली. काही गेममध्ये तर तो जवळजवळ दुप्पट यायचा आणि मथळ्यात तोच गेम झळकायचा.

आता पुन्हा एसटी स्टँडवर या. समजा एका मार्गावर तासाला दोन गाड्या आहेत. सरासरी अंतर अर्धा तास. गाड्या बरोबर अर्ध्या तासानं सुटत असतील तर कधीही स्टँडवर आलेल्या माणसाला सरासरी १५ मिनिटं थांबावं लागेल. पण एक गाडी १० वाजता आणि दुसरी १० वाजून ५ मिनिटांनी, मग थेट ११ ला, असं असेल तर? तासाला गाड्या दोनच, सरासरी अंतरही अर्धा तासच. पण वाट बघण्याची सरासरी होते सुमारे २५ मिनिटं. कारण सोपं आहे: माणूस स्टँडवर येतो तो बहुतेक वेळा त्या ५५ मिनिटांच्या मोठ्या खिंडीत. वेळापत्रक बनवणाऱ्याची सरासरी आणि प्रवाशाची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्रेमचंही हेच. समजा एका कार्डावर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांनी येते, म्हणजे सेकंदाला ६०. दोन कार्डांवर एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी आणि पुढची २८.३ मिलिसेकंदांनी येते. दोघींची बेरीज ३३.३, म्हणजे सरासरी पुन्हा ६०. आलेखात दोन्ही खांब सारख्या उंचीचे. पण दुसऱ्या यंत्रावर १०० पैकी ८५ वेळा तुमचा डोळा त्या लांब फ्रेमवर अडकलेला असतो, आणि खेळ सेकंदाला ३५ फ्रेम असल्यासारखा भासतो. याला मायक्रो-स्टटर म्हणायचे. खेळणारी पोरं तक्रार करायची की आकडा मोठा दिसतोय पण खेळ अडखळतोय. आकडेवाले म्हणायचे, तुमचा भास आहे.

तो भास नव्हता. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण प्रकार खरा होता. मोजपट्टी आणि अनुभव यांचं जमत नसेल तेव्हा अनुभवाला लगेच खोटं ठरवू नका. आधी मोजपट्टी तपासा. तुमच्याकडं शेतकरी म्हणाला की ॲप रोग नीट ओळखत नाही, आणि तुमच्या तक्त्यात अचूकता ९५ टक्के आहे, तेव्हा तुमचे टेस्टचे फोटो कुठल्या उजेडात, कुठल्या फोनवर काढले होते तिथून सुरुवात करा.

२०११ चा लेख: काय जमलं, काय राहिलं

सप्टेंबर २०११ मध्ये टेक रिपोर्ट या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांचा एक लेख आला. सेकंदाच्या आत काय घडतं ते बघा, हा त्याचा गाभा. त्यांनी सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले त्याचा आलेख काढला. सोबत ९९ व्या शतमानाचा फ्रेम-काळ दिला, म्हणजे १०० पैकी ९९ फ्रेम ज्या वेळाच्या आत येतात तो वेळ. दोन कार्डांचा अडखळलेपणा तिथं करवतीच्या दात्यांसारखा उघडा पडला.

हा लेख मी ज्युनिअरांना वाचायला सांगतो. तो कुठल्या जर्नलमध्ये आला नाही, त्यावर पीअर रिव्ह्यू नाही, पण त्यात संशोधनाचा एक उत्तम गुण आहे: प्रश्न बदलण्याचं धाडस. सगळे 'किती' विचारत होते, यानं 'कसं वाटून' विचारलं. त्यासाठी नवीन महागडं साधन लागलं नाही. फ्रॅप्स नावाचं साधं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमची वेळ आधीपासूनच नोंदवू शकत होतं. माहिती समोर पडलेली होती, लोक तिची सरासरी काढून बाकीची फेकून देत होते.

पण कौतुक करून थांबलो तर ती टीका कसली? या पद्धतीत एक मोठी फट होती. फ्रॅप्स वेळ नोंदवतं ती गेमकडून फ्रेम पुढं पाठवली जाते त्या टप्प्यावर. ती फ्रेम ड्रायव्हरमधून, कार्डातून जाऊन पडद्यावर कधी उमटली, हे त्याला दिसत नाही. एनव्हिडिया दोन कार्डांच्या फ्रेममधलं अंतर सारखं करायला पुढच्या टप्प्यावर फ्रेम किंचित अडवून धरायची. फ्रॅप्सच्या नोंदीत ती दुरुस्ती येतच नव्हती. म्हणजे दोष खराखुरा असला तरी त्याचं माप कमी-जास्त असू शकत होतं. वॉसन यांनी ही मर्यादा लेखात लपवली नाही, आणि म्हणूनच पुढचं काम होऊ शकलं. मर्यादांचा परिच्छेद हा प्रबंधाच्या शेवटी हात जोडण्यासाठी नसतो. पुढच्या माणसानं कुठून खणायचं, ते तो सांगतो.

मोजपट्टी कुणाची?

२०१३ मध्ये ती फट बुजवणारी पद्धत आली. गेमच्या प्रत्येक फ्रेमच्या कडेला एका रंगाची पट्टी काढायची, रंग ठरलेल्या क्रमानं बदलत जायचा. पडद्याकडं जाणारा सिग्नल दुसऱ्या संगणकावर जसाच्या तसा रेकॉर्ड करायचा. मग त्या रेकॉर्डिंगमध्ये कुठल्या रंगाला पडद्यावर किती ओळी मिळाल्या ते मोजायचं. आता अंदाज उरला नाही, पडद्यावर जे उमटलं तेच मोजलं गेलं.

जे निघालं ते गंमतीशीर आणि गंभीरही होतं. क्रॉसफायरच्या काही गेममध्ये कित्येक फ्रेमना पडद्यावर इवलीशी पट्टी मिळत होती. काही फ्रेम तर उमटतच नव्हत्या. पण सरासरीत त्या प्रत्येकीची एक पूर्ण फ्रेम म्हणून मोजणी होत होती! हजेरीपटावर सही आहे, पोरगं वर्गात नाही, असा प्रकार. त्या गेममध्ये दोन कार्डांचा खरा फायदा एका कार्डाच्या जवळपास येऊन ठेपला.

आता खरा पेच. ही पद्धत ज्या साधनावर उभी होती, ते एफकॅट, एनव्हिडियानं बनवलं होतं. आणि सगळ्यात वाईट निकाल आला तो एएमडीचा, म्हणजे तिच्या प्रतिस्पर्ध्याचा. तुम्ही परीक्षक असता तर काय केलं असतं?

दोन सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही आळशी आहेत. एक: कंपनीचं साधन, म्हणून निकाल रद्द. दोन: आकडे आहेत ना, मग मान्य. पहिलं उत्तर देणारा माणूस हितसंबंध दिसला की विचार करणं बंद करतो. दुसरा हितसंबंध बघतच नाही. बरोबर रस्ता मधला आणि कष्टाचा आहे: निकाल त्या साधनावाचून तपासता येतो का? इथं येत होता. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ एकेक फ्रेम थांबवून कुणालाही रंगपट्ट्या डोळ्यांनी मोजता येत होत्या. आणि सगळ्यात वजनदार साक्ष मिळाली ती आरोपीकडूनच. ऑगस्ट २०१३ मध्ये एएमडीनं फ्रेममधलं अंतर सारखं करणारा ड्रायव्हर काढला. जी गोष्ट नाहीच, तिच्यावर कुणी औषध काढत नाही.

बियाणं कंपनीनं पैसे दिलेल्या चाचणीचा पेपर तुमच्या हातात आला तर हेच करा. निधी कुणाचा ते वहीत टिपा, मग विचारा: या निकालाला स्वतंत्र साक्षीदार कोण?

ढोबळ गणित आणि खरं कारण

एवढं मोजल्यावरही 'का?' उरतोच. त्याचं अर्धं उत्तर १९६७ चं आहे. जीन ॲमडाल यांनी सांगितलं की कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो एकूण वेगाला लगाम घालतो.

आकडे घालून बघू. एका कार्डाला १०० एकक वेळ लागणारं काम आहे. त्यातलं ८० वाटता येतं. दोन कार्डांवर वेळ लागेल २० अधिक ४०, म्हणजे ६०. वेग १.६७ पट. समोर एकच कार्ड आहे, १.६ पट वेगवान. त्याला लागतील ६२.५. दोन कार्डं थोडक्यात जिंकली. आता वाटता येणारा भाग ६० वर आणा. दोन कार्डांना लागतात ४० अधिक ३०, म्हणजे ७०. वेग १.४३ पट. एकट्या कार्डाला मात्र ६२.५ च. तराजू समतोल होतो तो वाटता येणारा भाग बरोबर ७५ असताना. म्हणजे निर्णय कार्डांच्या किमतीवर जेवढा, तेवढाच कामाच्या स्वभावावर आहे. दोन कार्डांचा फायदा अटींवर मिळतो. एकट्या कार्डाचा फायदा ही अट घालत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर गेममध्येच आहे. आलटून-पालटून पद्धत चालते ती प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असेल तरच. पण गेम बनवणारे हळूहळू अशा तंत्रांकडं वळले ज्यांत कडा गुळगुळीत करायला आधीच्या फ्रेमची माहिती लागते. झालं! दुसरं कार्ड आता पहिल्याची वाट बघणार, किंवा माहिती इकडून तिकडं हलवण्यात वेळ जाणार. मेमरीचीही तीच गोष्ट. ४ जीबीची दोन कार्डं म्हणजे ८ जीबी नव्हे, कारण दोघांनाही त्याच चित्रांच्या प्रती आपापल्या मेमरीत ठेवाव्या लागायच्या. शिवाय प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळी सोय करावी लागे. जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानं तशी नवी सोय देणं थांबवलं.

पण थांबा, पुण्याचं उदाहरण उलटं आहे

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे एकच दमदार यंत्र चांगलं. हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि त्याला खोडणारा पुरावा आपल्याच राज्यात आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी भारतानं हवामान अंदाजासाठी अमेरिकेकडून क्रे सुपरसंगणक आणला. त्याहून मोठं यंत्र द्यायला अमेरिका तयार नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. भटकर आपल्याच वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरांब्याचे. त्यांच्यासमोर एका अर्थी हाच प्रश्न होता: क्रेसारखा एक अतिवेगवान प्रोसेसर घडवायचा, की बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर पुष्कळ जोडायचे? त्यांनी दुसरा रस्ता धरला. ट्रान्सप्युटर नावाच्या, एकमेकांना जोडता येतील अशाच बनवलेल्या चिप घेऊन १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला.

तिथं 'पुष्कळ साधे' का चाललं? कारण हवामानासारखं काम वाटून घेता येतं. नकाशाचे चौकोन पाडा, एकेक चौकोन एकेका प्रोसेसरला द्या, आणि शेजाऱ्यांनी एकमेकांना फक्त कडेची माहिती सांगायची. इथं कुणी जॉयस्टिक धरून दर १६ मिलिसेकंदांनी उत्तर मागत नाही. पण फुकट काहीच मिळालं नाही. जुने प्रोग्रॅम तसेच चालेनात, ते नव्या पद्धतीनं लिहावे लागत. आणि अशा यंत्राचा कागदावरचा कमाल वेग आणि प्रत्यक्ष कामात मिळणारा वेग यांत नेहमीच अंतर राहतं. फ्रेमच्या सरासरीसारखाच कमाल वेग हाही मथळ्याचा आकडा आहे. पेपरमध्ये तो दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला: टिकून मिळाला किती?

आता तुमच्या टेबलावर

कपाशीच्या पानांचं मॉडेल शिकवायचंय. इथं दोन कार्डं गेमपेक्षा बरी चालतात. फोटोंचा गठ्ठा अर्धा-अर्धा वाटायचा, प्रत्येक कार्डावर मॉडेलची प्रत ठेवायची, पायरीच्या शेवटी दोघांचा हिशेब जुळवायचा. पायऱ्यांमधलं अंतर थोडं कमी-जास्त झालं तरी कुणाचा डोळा अडखळत नाही. मायक्रो-स्टटर हा दोषच इथं लागू नाही. पण मेमरीचा नियम तोच: प्रत प्रत्येक कार्डात मावली पाहिजे. मॉडेल एका कार्डात मावत नसेल तर ते तोडून दोन कार्डांवर पसरावं लागतं. ते होतं, पण मेहनत लागते. तेव्हा अडचण मेमरीची असेल तर जास्त मेमरीचं एकच कार्ड सोयीचं.

विकत घेण्याआधी फुकटात बघून घ्या. कॅगलवर टी४ ची दोन कार्डं निवडायचा पर्याय आहे. तिथं बरीच मुलं दोन कार्डं निवडतात आणि कोड तसाच ठेवतात. दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं आणि अहवालात मात्र 'दोन जीपीयूंवर प्रशिक्षण' असं लिहिलं जातं. चालू असताना दोन्ही कार्डांचा वापर बघा, मगच ते वाक्य लिहा.

दोन कार्डांचा अजून एक उपयोग आहे, त्याची जाहिरात कुणी करत नाही. तोच प्रयोग वेगळ्या रँडम सीडवर दुसऱ्या कार्डावर लावा. ही वाटणी शंभर टक्के होते, कुणी कुणाची वाट बघत नाही. आणि तुमच्याकडं एका आकड्याऐवजी आकड्यांचा पसारा येतो, म्हणजे नशिबानं आलेला निकाल कुठला आणि खरा कुठला हे ओळखायची सोय होते. संशोधकाला वेगापेक्षा याची गरज जास्त असते.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. दोन कार्डं एका डब्यात कोंबली की वरच्या कार्डाला खालच्याची गरम हवा मिळते, तापलं की ते आपणहून वेग कमी करतं. एसी लावलेल्या लॅबमध्ये झालेली चाचणी तुमच्या पत्र्याच्या खोलीला लागू पडेलच असं नाही. मोठा पॉवर सप्लाय, वीज गेल्यावर टिकेल असा यूपीएस, हा खर्चही 'स्वस्तात मिळतंय' मध्ये धरा.

तर माझं मत: फक्त गेमसाठी असेल तर एकच कार्ड, यात वाद उरलेला नाही. संशोधनासाठी असेल तर कार्डांची संख्या सगळ्यात शेवटी ठरवा. आधी एका कागदावर तीन ओळी लिहा. माझ्या कामाचा किती भाग वाटता येतो? मला एक उत्तर लवकर हवंय की पुष्कळ उत्तरं? आणि मी जो आकडा मोजणार आहे तो वापरणाऱ्याला जाणवतो का? या तीन ओळी लिहिता आल्या नाहीत तर कार्ड घेऊ नका, आधी विषय नीट करा. दुकान कुठं पळून जात नाही.